बाकी शंभर

मित्रांनो, मी हाताने फिरवायचं एक जुनं गणकयंत्र आहे. पोटात दातेरी चाकं, अंगावर आकड्यांच्या खिडक्या आणि उजव्या बाजूला दांडा. ज्या कारागिराने माझे दाते कानशीने घासले, तो म्हणाला होता, "ह्याचा हातचा कधी चुकणार नाही." मी फुशारून गेलो होतो.

जमीनमोजणीच्या कचेरीत मला एक बाई चालवत. सगळे त्यांना आकडेबाई म्हणत. घरी अंथरुणाला खिळलेली आई, कचेरीत लोकांच्या शेतांची क्षेत्रफळं. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, एक हा आकडा अकरा वेळा लिहून होणारी संख्या: १११११११११११. तीन वेळा लिहिला तर तिनाने भाग जातो, पाच वेळा लिहिला तर एक्केचाळीसने. अकरा वेळा लिहिला तर? की ती मूळ संख्या, कशानेच न तुटणारी?

जेवणाच्या सुट्टीत बाई एकेका मूळ संख्येने भागून बघत. एक लाख पाच हजार चारशेच्या आसपास थांबायचं होतं. त्यापुढचा भाजक असलाच, तर त्याचा लहान जोडीदार आधीच सापडला असता.

"ताई, दोन घास तरी खा. आकडा काय पळून जातोय?" शिपाईकाका म्हणत.

"पळत नाही हो काका, म्हणून तर मला गाठता येईल."

तिसऱ्या वर्षी माझा एक दाता झिजला. बाईंनी तेलपाण्यासाठी अर्ज दिला. साहेब म्हणाले, "चालतंय ना अजून? मग कशाला?"

त्याच महिन्यात २१६४९ ची पाळी आली. शेवटच्या फेऱ्यात माझा हातचा निसटला. मला ते कळलं, मित्रांनो. बाकी म्हणून सगळी शून्यं यायला हवी होती, तिथे शंभर उमटले.

"बरोबर शंभर?" बाई थबकल्या. त्यांनी पुन्हा दांड्याला हात घातला, तोच घरून निरोप आला की आई पलंगावरून पडली. बाई तशाच धावल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढची संख्या घेतली.

नवव्या वर्षी भागाकार संपले. साहेबांनी सर्वांसमोर बाईंची पाठ थोपटली, माझीही. बाईंनी एका प्राध्यापकांना कळवलं, "ही संख्या मूळ आहे."

उत्तराचं कार्ड आलं. '२१६४९ गुणिले ५१३२३९ करून पाहावे.' खाली आणखी एक ओळ होती. 'ह्या संख्येचा प्रत्येक मूळ भाजक बावीसच्या पटीहून एकाने मोठा असतो. दहा हजार भागाकार कशाला, हजारभर पुरले असते.'

बाईंनी गुणून पाहिलं. मी मेला त्या वेळी अचूक चाललो. अकराही खिडक्यांत एक.

"चांगली बातमी ना, ताई?" काकांनी विचारलं.

"तुटली हो काका. सहा वर्षांपूर्वीच तुटली होती."

त्यानंतर सुट्टीत बाई डबा उघडत आणि भिंतीकडे बघत बसत. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी सगळ्या वह्या रद्दीत दिल्या. आता मी अडगळीत गंजतो आहे, त्याचं काही नाही. पण मित्रांनो, चालतंय म्हणून कुठल्या यंत्राकडे पाठ फिरवू नका. आमच्या चुकीचा दोष आम्हाला लागत नाही, तो माणूस आपल्या माथी घेतो. आणि मला तर बोलायला तोंडच नाही.

त्या शेवटच्या दिवशी जाताना बाई काकांना म्हणाल्या, "माझंच लक्ष नव्हतं हो."