अडुसष्ट लिंगांची विभूती

चौकाच्या मधोमध काळ्या दगडाचं बुटकं देऊळ आहे. चारी बाजूंनी रिक्षा वळतात. गाडीवरची माणसं हँडल न सोडता मान तेवढी झुकवतात. सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांपैकी हे एक. महादेवी दर श्रावणात इथूनच निघून सगळी लिंगं पायी करायची.

गेल्या श्रावणात तिचे पाय सुजले. "यंदा माझ्या नावानं तुम्ही करून या," ती नवऱ्याला म्हणाली.

वीरभद्रप्पा निघाला. या देवळात आला, पुडीत विभूती घेतली आणि ऊन लागतंय म्हणून देवळासमोर फुलं विकणाऱ्या रंभाबाईच्या छत्रीखाली टेकला. गिरणीतले जुने सोबती भेटले. संध्याकाळ झाली.

"झाली सगळी?" महादेवीनं विचारलं.

"झाली की. ही घे सगळ्यांची विभूती."

"वेशीबाहेरच्या लिंगाजवळचा पिंपळ तोडणार म्हणत होते. आहे का?"

"तोडला," तो म्हणाला. आहे म्हणावं तर आणखी विचारेल, ही भीती.

ती भिंतीकडं तोंड करून रडली. त्या पिंपळाखाली ती दरवर्षी दशमीची शिदोरी सोडायची. मग रोज कपाळाला ती विभूती लावत महिन्याभरात गेली. उरलेली पुडी त्यानं लेकीला दिली.

आईला जाऊन वर्ष झालं म्हणून लेक शिवलीला अक्कलकोटहून आली होती. अव्वाच्या नावानं बापाबरोबर अडुसष्ट लिंगं करायची, असा तिचा हट्ट. चौकातल्या देवळात पहिलं दर्शन झालं.

"अप्पा, आता कुठल्या बाजूला?"

त्यानं उगाच एका गल्लीकडं हात केला.

"तिकडं कुटं, मामा?" रंभाबाई हार ओवता ओवता हसली. "तितं मटणाची दुकानं हायत. तुमाला काय म्हाईत म्हणा. गेल्या साली सकाळपास्नं माझ्या छत्रीखालीच बसलावता की. लई हसवलंत त्या दिवशी."

शिवलीलानं पर्समधून पुडी काढली. कागद घड्यांवर विरला होता.

"ही कुठली मग?"

"हितलीच," वीरभद्रप्पा म्हणाला. "सगळी हितलीच."

"आणि पिंपळ तोडला, असं अव्वाला सांगितलंत ते?"

"मी तिकडं गेलोच नाही, पोरी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुडी पुन्हा नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली, टाकून दिली नाही. मग रंभाबाईला वेशीबाहेरच्या लिंगाची वाट विचारली.

"पहिल्यांदा तिथंच जाऊ," ती म्हणाली आणि चालायला लागली.

तो दहा पावलं मागं राहून निघाला. पिंपळ खरंच तोडलेला असावा, असं त्याच्या मनात आलं. तेवढं एक तरी खरं निघेल. आणि असं मनात आलं याचीच त्याला इतकी लाज वाटली, की चौक ओलांडताना देवळाकडं मान झुकवायचंही त्याला धाडस झालं नाही.