लोधिवलीचा तालुका

अक्षदा मॅडमच्या कर्जतच्या फॉर्म सेंटरमध्ये दोन खुर्च्या होत्या. एकीत नऊ वर्षं सुनील बसत होता. दुसरीत सहा महिन्यांपूर्वी तालिब आला. दिवाळीनंतर चौकला नवीन सेंटर निघणार होतं आणि ते या दोघांपैकी एकाकडे जाणार होतं. सुनील लोधिवलीचा, चौक त्याच्या घराजवळ. ते आपलंच, असं तो धरून चालला होता.

एका फॉर्मला सुनीलला पंधरा मिनिटं लागत, तालिबला तीन. तालिबने स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, ब्राउझरमध्ये बसवली होती. पान उघडलं की निम्मे रकाने आपोआप भरत. सुनीलची खुर्ची मोकळी असली तरी लोक तालिबसमोर उभे राहत. "आमी थांबतो," म्हणत. सुनीलला ते दिवसभर टोचत राही.

एका शुक्रवारी तालिब नमाजला गेला तेव्हा सुनीलने ती स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर नेहमीचा ब्राउझर चालत नसे, म्हणून दुसरा एक हलका ब्राउझर होता. त्यात स्क्रिप्ट चालवणारं एक्स्टेंशन बसलं, पण स्क्रिप्ट काही चालेना. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तो सेटिंग धुंडाळत बसला. तालिबला विचारलं असतं तर मिनिटाचं काम होतं. पाचव्या दिवशी सापडलं: युजर स्क्रिप्टना परवानगी देणारं बटण बंद होतं. ते सुरू केल्याबरोबर रकाने भराभर भरले.

त्याच दुपारी त्याच्या आळीतली ठकीकाकू मुलीला, सुरभीला, घेऊन आली. वसतिगृहाचा अर्ज होता, शेवटची तारीख.

"त्या पोराकडं गर्दी हाय. तुझ्याकडंच बसते."

"बस गं. बघ आता."

चार मिनिटांत अर्ज गेला. "झाला!" सुनील तालिबला ऐकू जाईल असं म्हणाला.

सुरभीने पावती वाचली. "दादा, तालुका कर्जत आलाय."

"आपली लोधिवली कर्जतमधी कवा गेली रं?" ठकीकाकू म्हणाली. "खालापूरनं हाकलली का काय?"

रांगेतले हसले. तो रकाना सुनील नऊ वर्षं स्वतः भरत आला होता. आज त्याने फक्त घड्याळ पाहिलं होतं.

तालिब उठून आला. स्क्रीन पाहताच त्याने ओळखलं. "भाऊ, ही कर्जतची हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "खालापूरची मी वेगळी केलीय. मागायची ना." त्याने अर्ज मागे घेतला आणि नव्याने भरून दिला.

अक्षदा मॅडमनी ऐकलं होतं. "सुनीलदादा, चौकला सगळी खालापूरचीच गावं येणार," एवढंच त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर तालिब चौकला गेला. दोन्ही स्क्रिप्ट तो सुनीलच्या कॉम्प्युटरवर बसवून गेला, न मागता. सुनीलचा फॉर्म आता पाच मिनिटांत होतो. परवा कळंबचा एक म्हातारा दारातून डोकावला.

"तो पोरगा नाय?"

"चौकला असतो. या, मी करतो ना."

म्हातारा जरा घुटमळला.

"चौकला गाडी कवा हाय?"