जपलेला माणूस

"सहा महिने थांबा फक्त. तुमच्या माणसाला पुन्हा परांचीवर चढवून दाखवते की नाही बघा!"

अकरा वर्षं होऊन गेली, पण तो आवाज तिच्या कानातून काही उतरला नव्हता. हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या खोलीतल्या बाईचा होता तो. ठेंगणी, हसरी, बाह्या दुमडलेली. दुसऱ्याचं दुखणं सरलं की स्वतःचंच काही हरवलेलं सापडल्यासारखी खूश होणारी. बोलली ती धीर द्यायला. समोर उभ्या असलेल्या बायकोचा चेहरा उतरलेला दिसला, तेव्हा तिला वाटलं, हिला हेच ऐकायचं असणार.

त्या बायकोला तर नेमकं तेवढंच ऐकायचं नव्हतं.

नवरा रंगारी. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवणारा. बांबूची परांची बांधायची, तिच्यावर फळी टाकायची आणि आभाळाला पाठ टेकवून दिवसभर भिंतीशी बोलायचं, असलं काम. बरोबरचे त्याला पाकोळी म्हणायचे. भिंतीला चिकटून राहतं ना ते चिमुकलं पाखरू, तसा. "याला पंख आहेत रे, सदऱ्याखाली दडवलेत," असं खालून कुणी ओरडलं की हा वरून ब्रश झटकायचा आणि ओरडणाऱ्याच्या टकलावर बरोब्बर ठिपका.

ती घरी बसून एका शिंप्याची काज-बटणं करायची. डोळा सुईत आणि कान दारात. गल्लीत कुणी धावत गेलं की सुई बोटात. लग्नाला नऊ वर्षं झाली, लेक चालू-बोलू लागली, शाळेत जाऊ लागली, पण संध्याकाळी त्याच्या चपला दाराशी वाजेपर्यंत हिचा जीव त्या फळीवरच असायचा. मग एके दिवशी धावणारी पावलं पुढे गेली नाहीत. हिच्याच दाराशी थांबली.

दुसऱ्या मजल्यावरून फळी सरकली होती. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचला. आणि मुकादम शहाणा होता म्हणून धड वाचला. सगळे उचलायला धावले तेव्हा मुकादमच मध्ये आडवा आला होता म्हणे: "हात लावाल तर हात तोडीन! मान हलवू नका, पाठ हलवू नका, पाणी पाजू नका!" दार काढून आणलं, चौघांनी धरून जसाच्या तसा त्यावर सरकवला, पंचे बांधले आणि नेला. डॉक्टर म्हणाले, ह्या माणसाचे पाय त्या मुकादमाने वाचवले. मणक्याला तडा होता, पण आतली दोरी शाबूत होती.

मग तीन आठवड्यांनी ती ठेंगणी बाई आली आणि एक कागद हिच्या हातात दिला. कागदावर रेघांनी काढलेला माणूस. आधी आडवा, मग गुडघे वाकवलेला, मग उभा, मग चालणारा. "आज दहा पावलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग जिना. दुखेल, तरी चालवायचं. बसवून ठेवलंत तर पाठ बरी होईल, पण बाकीचा माणूस बिघडेल." एवढं सांगून झाल्यावर ते परांचीचं वाक्य.

निघताना हॉस्पिटलच्या फाटकाशी कचऱ्याचा डबा होता. ठरवून असं काही तिने केलं नाही. हात पुढे झाला आणि रिकामा मागे आला, एवढंच तिला आठवत होतं.

"काय म्हणाले गं?" गाडीत त्याने विचारलं.

"जपा म्हणालेत. वाकायचं नाही, उचलायचं नाही. आणि चालायचं तर बेतानेच."

"बेताने म्हणजे?"

"म्हणजे मी सांगेन तेवढं."

"वा! म्हणजे आता तूच मुकादम," तो हसला.

खोटं महिन्याभराचं होतं. ती इमारत एकदा पुरी होऊ दे, मग सांगू. पण तिच्या शेजारी दुसरी उभी राहिली, तिच्यामागे तिसरी. इमारतींना कुठे खंड असतो? खंड पडतो तो माणसाच्या धाडसात. आज नाही सांगितलं ते उद्या सांगणं दुप्पट जड, आणि वर्षाने तर डोंगर.

एकदा तो आपला आपणच उठून गल्लीत गेला होता. हिला कळलं तेव्हा ही खुर्ची डोक्यावर घेऊन मागे धावली. "अहो, बसा! बसा आधी!" शेजारीण दारातून ओरडली, "अगं बाई, सिंहासन निघालं वाटतं राजाच्या मागे!" सगळी गल्ली हसली. तोही हसला, बसला. आणि पुन्हा एकटा निघाला नाही. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "चालताय ना रोज?" तर त्याच्या आधी हीच म्हणाली, "चालतात, चालतात." त्याने तिच्याकडे पाहिलं. घरी येताना म्हणाला, "खोटं कशाला बोललीस? रागावले असते म्हणून?" ती म्हणाली, "हो."

तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिने त्याला. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत उशी, उशीवर माणूस. भूक नसली तरी ताटात दुसऱ्यांदा वाढायचं, खमंग तळलेलं काहीतरी रोज असायचंच, आणि चहात साखर त्याच्या मनासारखी. बसल्या माणसाला दुसरं सुख ते काय? अंग सुटलं, श्वास आखूड झाला. तो तिची बटणं रंगाप्रमाणे वेगळी करून द्यायचा. पांढऱ्यातलेसुद्धा चार पांढरे वेगळे काढायचा. आणि ती काज शिवता शिवता गुणगुणायची:

काज म्हणे बटणाला, नको जाऊ रे फिराया
तुझ्यावाचून मला रे, कोण येईल भराया

"तुटकं बटण आहे ते," तो म्हणायचा, "कुठं जातंय!"

आणि गेल्या महिन्यात, सकाळी अंघोळीला उठताना त्याने डावा खांदा धरला. "पाठीचंच असेल," तो म्हणाला. अकरा वर्षं घरातलं प्रत्येक दुखणं पाठीच्याच नावावर पडत आलं होतं. तिनेही पाठच चोळली. पाव तास चोळली. घाम पुसला, पुन्हा चोळली. कामावर निघालेल्या लेकीने आत डोकावून पाहिलं आणि पिशवी तिथेच टाकली. एका गोदामात नोकरी होती तिची, तिथल्या प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली तिच्याकडे असायची, त्यामुळे तिला चार गोष्टी ठाऊक होत्या. "आई, हात काढ! ही पाठ नाही," ती किंचाळली. "बाबा, पडून राहा, बोलू नका. मी गाडी बोलावते."

हृदयाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरले. पाठीचा नवा, छातीचा नवा.

"मणका तर केव्हाच सांधलाय तुमचा. अकरा वर्षं बसून काय राहिलात?"

हिने तोंड उघडलं. त्याच्या आत तो बोलून मोकळा झाला. "आळस, डॉक्टर. अंगात मुरला."

"हृदय म्हणजेही स्नायूच हो. त्याला रोज थोडं दमवावं लागतं, तरच ते टिकतं. वजन बघा, साखर बघा, रक्तदाब बघा. आता निम्म्या ताकदीवर चाललंय ते." मग मीठ कमी, तळलेलं बंद, वेळेवर झोप, आणि रोज चालणं: आधी खोलीभर, मग गल्लीभर. सगळं लिहून दिलं. हिला बाहेर बोलावून हळू आवाजात म्हणाले, "तेव्हाच हिंडते-फिरते राहिले असते, तर एवढी पाळी बहुधा आली नसती. आता जेवढे दिवस आहेत तेवढे नीट जाऊ देत. मनाला धक्का देऊ नका. वाद नको, चिंता नको."

धक्का नको. हे मात्र तिने घट्ट धरलं. घरी आल्यावर रोज सकाळी ती मनाशी म्हणायची, आज सांगते. आणि लगेच, पण डॉक्टर नको म्हणालेत ना. कधी कधी तिचं तिलाच उमगायचं. तेव्हाही ती एका डॉक्टरच्या नावामागे लपली होती. आताही तेच.

लेकीने भिंतीवर कागद चिकटवला. सकाळी किती पावलं, संध्याकाळी किती, कुठली गोळी कधी. आणि जिभेला धार लावली. "बाबा, राग नका मानू, पण आईचे डोळे गेले काजं करून, आणि तुम्ही धडधाकट पाठ घेऊन खुर्ची तापवत बसलात!"

"अगं, हळू," ही म्हणायची.

"काय हळू? डॉक्टरच म्हणाले की, केव्हाच सांधलंय!"

"बोलू दे तिला," तो म्हणायचा. "खरंच आहे ते. तुझ्या आईला मी फार राबवलं." एवढं बोलून धापा टाकायचा. लेक मग वळून डोळे पुसायची, आणि ही चुलीपाशी उभी राहून बिनमिठाचं काहीतरी ढवळत राहायची.

मुकादम भेटायला आला तो पिशवीभर फळं घेऊन. उरलेसुरले केस पांढरे, आवाज तोच. "काय रे पाकोळी! खाऊन खाऊन कबुतर झालास की!"

"ये, बैस. तुझं टक्कल मात्र रंगवायला छान झालंय आता."

दोघं हसले, एक खोकला, दुसऱ्याने पाठीवर हात ठेवला. मग मुकादम उगाच पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाला, "तेव्हा माझं ऐकायचं होतंस गड्या. वर चढ म्हणत नव्हतो. खाली, जमिनीवर, रंग कालवायला ये म्हटलं होतं. तुझ्यासारखा रंगाचा डोळा होता कुणाचा? हिंडता-फिरता राहिला असतास. दोनदा निरोप दिला की मी वहिनींकडे."

खोलीत गोळ्यांच्या पाकिटाचा आवाज होत होता, तो थांबला. लेकीच्या हातात पाकीट होतं. तिने बापाकडे पाहिलं. बाप फळांकडे पाहत होता. बायकोकडे त्याने पाहिलंच नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे हिला कळलं.

"हां, ते होय," तो म्हणाला. "आला होता निरोप. मीच नको म्हटलं. बसायची चटक लागलेली."

"बघ आई!" लेक म्हणाली. "जमिनीवरचं कामसुद्धा नको!"

निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. दोन्ही वेळा दारातच तिने मुकादमाला परत पाठवलं होतं. डॉक्टर नाही म्हणतात, म्हणून. जमिनीवरचा माणूस एक ना एक दिवस वर बघतोच, आणि वर बघणारा चढतोच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आणि आता हा, निम्म्या हृदयाचा माणूस, एका क्षणात सगळं समजून तिला वाचवायला मध्ये आडवा आला होता. एक प्रश्नही न विचारता.

संध्याकाळी पावलं चालायची होती. लेक दुपारच्या पाळीला गेली होती. दोघं गल्लीत निघाली, तो तिच्या खांद्यावर हात टेकवून. दिव्याच्या खांबापर्यंत आला, थांबला, श्वास जमवला, पुन्हा निघाला. गल्लीच्या टोकाला रस्त्यापलीकडे एका इमारतीला परांची लागली होती. खाली एक माणूस पिंपात रंग कालवत होता. हा बघत उभा राहिला. बराच वेळ.

"निळा जास्त पडला त्याचा," तो म्हणाला. "पांढऱ्यात असा एकदम ओतायचा नसतो. थेंब-थेंब सोडायचा, मग पांढरं आपणहून मागतं."

तिने त्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"जमलं असतं मला हे," तो हळूच म्हणाला. जणू तिला नाही, त्या पिंपालाच. मग तिच्या खांद्यावरचा हात किंचित दाबून म्हणाला, "चल. लेकीचं मनावर घेऊ नकोस. तिला काय माहीत? आळशी तर आळशी. तुझी सेवा मात्र मी फुकट घालवली गं."

तिच्या कानाशी त्याचा श्वास लागत होता, आखूड, उसवल्यासारखा. धक्का नको, डॉक्टर म्हणाले होते. पण हा माणूस जाईल तेव्हा आळशी म्हणून जाईल, लेकीच्या तोंडी आळशी म्हणून राहील, आणि ते नाव त्याने हिच्यासाठी स्वतःच्या अंगावर ओढून घेतलेलं असेल. याहून मोठा धक्का कुठल्या हृदयाला असतो? तिने शेजारच्या ओट्यावर त्याला बसवलं. त्याचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. सुईने चाळण झालेल्या तिच्या बोटांना तो हात जड लागला, थंड लागला.

"अहो," ती म्हणाली, "श्वास घ्या आधी. घेतलात? आता ऐका, आणि मध्ये बोलू नका, नाहीतर मला जमायचं नाही. तुम्ही आळशी नव्हता. चालवा, रोज चालवा, असं मला बजावून सांगितलं होतं, चित्रांचा कागद दिला होता. तो मी फाटकाशीच फेकला. सहा महिन्यांत वर चढाल म्हणाली ती बाई, आणि मला भीती वाटली. पण नुसती भीती म्हटलं तर तेही खोटंच होईल. भीती वर्षभरात सरली होती. पुढची दहा वर्षं तुम्ही त्या खिडकीशी बसून बाहेर बघायचात, आणि मी तुमच्याकडे पाठ करून काजं शिवायचे, आणि मला बरं वाटायचं. गल्लीत कुणी धावलं तरी मान वर करायचे नाही मी. तुम्ही आतून विझत होतात, दिसत होतं मला. आणि मी रोज रात्री गाढ झोपत होते."