फोल्डरबाहेरचे फोटो

“मी डिलीट दाबलं का नाही? एकेक फोटो धरू धरू दाबलं. मंग ते पुसल्या काहून नाही गेले?”

चंपतरावांनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं, तसा भुसा उडाला. लकडगंजात, लाकूड कापणाऱ्या आरामशिनींच्या मागच्या गल्लीत दुकान असलं की भुसा रोज पुसावा लागतो, आणि ‘वामन फोटो’ वामनराव गेल्यावर, दिवाळीनंतर आज पहिल्यांदा उघडलं होतं.

मयुरा वडिलांची खुर्ची रिकामी ठेवून शेजारच्या स्टुलावर बसली होती. समोर त्यांचा कॉम्प्युटर, बाजूला त्यांचा फोन. कळमेश्वरच्या कारखान्यातल्या नोकरीत तिला रविवारच तेवढा मोकळा. बाबांच्या खात्यातले लोकांच्या लग्नांचे सगळे फोटो आज आपल्या नावावर करून घ्यायचे आणि शटर कायमचं ओढायचं, असं ठरवून ती आली होती.

“बसा काका. कोणते फोटो?”

“अनिशच्या लग्नाचे. दुसरे कोणते?”

अनिश चंपतरावांचा एकुलता एक मुलगा. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी डेंग्यूने गेला. त्याची बायको रितिका त्यानंतर माहेरी राहत होती.

“तिचं लग्न हाये येत्या गुरुवारी,” चंपतराव उभ्याउभ्याच म्हणाले. “करू दे बापा, मी काही आडवा जात नाही. पण माह्या पोराचे फोटो घेऊन तिनं दुसऱ्याच्या घरी नाही जायचं. तिचं नाव तं मी मागल्या हप्त्यातच काढून टाकलं त्या फोल्डरातून. न् दोघांचे सोबतचे फोटो तं पोळ्यापासूनच काढून राहिलो, तिची बोलणी सुरू झाली तवापासून. पण भाचा म्हणते, मामाजी, हे पुसल्या नाही गेले, कुठंतरी असनच.”

सकाळपासून मयुराही याच कोड्यात होती. बाबांच्या खात्यात प्रत्येक लग्नाचा वेगळा फोल्डर, नावागावासकट, नीटनेटका. आणि त्या सगळ्यांच्या बाहेर, उंबऱ्याबाहेर उभे केल्यासारखे, एकाच जोडप्याचे फोटो विखुरलेले. हार घातलेले, घास भरवताना, कुणाच्या तरी विनोदावर दोघं एकदम हसताना. आता तिला उलगडलं. फोल्डरचे मालक बाबा होते. दुसऱ्याला फोटो बाहेर ढकलता येत होते. कायमचे पुसणं मालकाच्याच हातात होतं.

आणि ढकलता येत होते तेही बाबांमुळेच. अल्बमच्या काळात ते न विसरता दोन अल्बम करत, एक मुलाकडे, एक मुलीकडे. फोटो क्लाउडवर जायला लागल्यावर त्यांनी दोन्ही घरांना सगळे हक्क देऊन टाकले. “बाबा, लोकांना नुसतं पाहण्यापुरतं द्या,” असं मयुराने सांगितलं, तर म्हणाले होते, “लग्नघरच्या माणसाले नुसतं पाहाले सांगू काय वं? पाहुणा हाये काय तो?”

“तुह्याजवळ चाबी हाये आता,” चंपतराव म्हणाले. “पुसून टाक.”

“नाही पुसणार, काका.”

“काहून?”

“लग्न दोघांचं होतं.”

“तो गेला. ती दुसरं करून राहिली. मंग हे लग्न उरलं कोणाचं?”

“तरी दोघांचंच.”

“मोठी आली शिकवाले! तिच्या नव्या नवऱ्यानं पाहिले तं?”

“पाहू द्या. तिनं काय चोरून लग्न केलं होतं? तुम्हीच तं गल्ली अडवून बँड लावला होता.”

चंपतरावांच्या मिशा क्षणभर हलल्या. मग ते आणखी चिडले. “वामन असता तं एका शब्दात केलं असतं त्यानं. रोज माह्यासंगं चहा पे तो. तू शिकली न् तोंड तेवढं तिखट झालं.” त्यांनी आपला मोबाइल खिशातून काढून हातात हलवला. “न् या डबड्याचं बी काही खरं नाही. दिवाळीच्या पहिले मी सांजच्याले फोटो बाहेर काढो, न् सकाळी पाहो तं जिथल्या तिथं! रोज तेच. मले वाटलं मोबाइलच बिघडला. दिवाळीपासून मात्र एकही वापस नाही आला.”

मयुराचा माउसवरचा हात थांबला.

बाबांना दवाखान्यात नेलं ते धनतेरसला. त्याआधी महिनाभर त्यांना दोन पावलं चाललं की दम लागायचा. दुकानात काय काम आहे म्हणून ती फोनवर रागवायची, तर म्हणायचे, थोडं आवरायचं असते सकाळचं.

“मोबाइल नव्हता बिघडला, काका,” ती म्हणाली. “दिवाळीत बाबा दवाखान्यात होते.”

चंपतरावांना कळायला वेळ लागला. ते रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिले.

“म्हंजे वामन ठेवे ते वापस?”

“दुसरं कोण ठेवणार?”

“माह्यासमोर बसून चहा पे. एका अक्षरानं नाही बोलला मले.”

मयुरा कॉम्प्युटरकडे वळली. बाहेरचे सगळे फोटो एकदम निवडले आणि फोल्डरमध्ये नेऊन ठेवले. मग बाबांची मेल उघडली. तिथे रितिकाची विनंती पडून होती, फोटो पाहायची परवानगी मिळावी म्हणून. तिने परवानगी दिली. सगळ्यात शेवटी चंपतरावांच्या नावासमोरचा हक्क बदलला.

“हे काय करून राहिली?”

“रितिकाले पुन्हा दिले. तुम्हालेही पाहता येईन, केव्हाही. बाहेर काढता येणार नाही.”

“म्हंजे मी पाहुणा? माह्याच पोराच्या लग्नात?”

ते तिला लागलं. बाबांनी कधी कुणाला असं केलं नव्हतं. पण रोज सकाळी येऊन, न बोलता, फोटो जागेवर ठेवत राहणं तिच्याने झालं नसतं. तिला बोलूनच करावं लागणार होतं.

“हो, काका. राग येऊ द्या माझा. पण हे असंच राहीन.”

“मालकीण झाली ना आता!”

“नाही. मालक बाबाच आहेत,” ती म्हणाली, आणि नाव बदलायची जी खिडकी तिने सकाळपासून उघडून ठेवली होती, ती बंद केली. “तेच राहतील. दुकानही दर रविवारी उघडणार आहे मी. भांडायचं असलं तर येत जा.”

चंपतरावांनी हेल्मेट उचललं. ते दारापर्यंत गेले असतील, तेवढ्यात काउंटरवरचा बाबांचा फोन भुशात थरथरत सरकू लागला. बाबा नंबर जोडीनेच साठवत. फोन नवऱ्याचा असो की नवरीचा. काचेवर अक्षरं उमटली : रितिका अनिश.

चंपतराव मागे आले. वाकून त्यांनी नाव वाचलं. त्यांचा हात फोनकडे गेला तसा मयुराचाही गेला. ते फोन बंद करतील असंच तिला वाटलं. पण त्यांनी तो हातात घेतला, शर्टाच्या बाहीने वरचा भुसा पुसला, पुन्हा एकदा वाचला, आणि तसाच वाजत असलेला फोन तिच्यापुढे धरला.

“उचल,” ते म्हणाले. “किती वेळ वाजू देते तिले?”