पांढरा दिवा

पांढरा दिवा काही लागेना. हन्नाने पडद्यावरचं विमान मागे नेलं आणि सातव्यांदा धावपट्टीकडे उतरवलं.

पुण्याच्या एका कंपनीसाठी ती वैमानिकांच्या सरावाचा प्रोग्राम लिहायची. भिंगारच्या घरी, खिडकीशी टेबल लावून. विमान उतरू लागलं की वाटेवर जमिनीवरून तीन रेडिओखुणा त्याच्याशी बोलतात. लांबची सावकाश बोलते, निळा दिवा लागतो. मधली एक लांब, एक आखूड, पिवळा. आणि धावपट्टी अगदी पायाशी आली की शेवटची घाईघाईने टिकटिकते, पांढरा. खूण ओळखायची आणि दिवा लावायचा, एवढंच हन्नाचं काम. दोन लागत होते. तिसरा रुसून बसला होता.

पलीकडच्या खोलीत लोखंडी कॉटवर बाबा होते. शमुवेल, चर्चचे घंटावाले. एकतीस वर्षं त्यांनी दोर ओढला. उपासनेची घंटा, लग्नाची घंटा, मातीची घंटा. आळीला त्यांच्या हातावरून कळायचं, आज कोण हसणार आणि कोण रडणार. जन्मभर घंटेची जीभ हलवली, आणि नाताळाच्या तोंडावर एका सकाळी स्वतःचीच जीभ लुळी पडली. उजवं अंगही गेलं. उरला तो डावा हात. हन्नाने त्यात स्टीलचा चमचा दिला आणि आपल्याच कामातली भाषा शिकवली. कॉटच्या दांड्यावर सावकाश ठोके म्हणजे पाणी. जोडठोका म्हणजे कूस बदल. घाईचे ठोके म्हणजे असशील तशी ये.

"आता तुम्हीच विमानतळ, बाबा," ती म्हणाली होती, तेव्हा ते अर्ध्या तोंडाने हसले होते. दोरावर बसलेला हात तो; ठोका कधी चुकला नाही. घाईचे मात्र त्यांनी कधी दिलेच नव्हते.

आठव्यांदा विमान उतरलं. हेडफोनमध्ये इंजिनाची घरघर. निळा लागला. पिवळा लागला. आणि त्या घरघरीच्या मागून बारीक, घाईचे ठोके आले. टिक टिक टिक टिक. हन्ना हरखली. आवाज जुळला होता, नुसता दिवाच राहिला होता. थोड्या वेळाने ठोके विरळ झाले, मग थांबले. खूण मागे पडली की थांबायलाच हवेत. तिने नोंद केली: तीन बेचाळीस. शेवटच्या खुणेचा आवाज येतो. दिवा लागत नाही. आणि दिव्याच्या ओळी धुंडाळत बसली.

चारला ती चहा घेऊन गेली. बाबांचा श्वास थांबला होता. चमचा कॉटखाली पडला होता.

शेजारच्या रतनबाई धावत आल्या. त्यांनीच डोळे मिटवले, तिला पोटाशी धरलं. "झोपंतच गेलं बघ. हाकसुदिक मारली न्हाई. लेकीला तरास द्यायचा न्हवता मानसाला."

त्या एका वाक्यावर हन्ना आठ दिवस तगली. मातीच्या वेळी घंटा बाबांच्या हाताखाली शिकलेल्या नोहाने ओढली. हा पोरगा दोन ठोक्यांत जागाच सोडत नाही, अशी बाबांची जुनी कुरकुर. त्या दिवशी त्याने पुरेपूर सोडली.

नवव्या दिवशी पुण्याहून रेश्माचा फोन आला. दोघी एकाच प्रोग्रामवर काम करायच्या; दिवे हन्नाकडे, आवाज रेश्माकडे. आधी ती बाबांबद्दल अडखळत बोलली, मग कामाकडे वळली. दिव्याचा दोष सापडला होता. तिसऱ्या खुणेचा आकडा प्रोग्राम वाचतच नव्हता.

"पण हन्ना, तू 'आवाज येतो' असं लिहिलंयस. तिसऱ्या खुणेला आपण आवाज अजून जोडलेलाच नाहीये. तू ऐकलंस काय?"

खिडकीखालून भाजीची गाडी ओरडत गेली. हन्नाने पडद्यावर ती नोंद उघडली: तीन बेचाळीस.

"हॅलो? अगं, चुकून लिहिलं असशील. घरात एवढं सगळं चाललेलं. मी खोडून टाकते ती ओळ."

"नको."

"चुकीची नोंद आहे ना ती."

"चुकीची नाही," हन्ना म्हणाली. "आवाज येत होता."

तिने फोन ठेवला, गळ्यातला हेडफोन काढून खिळ्याला अडकवला आणि पलीकडच्या खोलीत गेली. कॉटची गादी उन्हात टाकलेली होती. दांड्यावर, डाव्या हाताच्या बाजूला, चमचा लागून लागून रंग उडाला होता. नखाएवढी जागा. खिडकीतलं ऊन त्या जागेवर आलं, आणि ती पांढरी चमकली.