लोटनची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात, सांजोऱ्या खातात, भावजयांच्या कागाळ्या करतात. आमची भिकुबाई अक्का यंदा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माहेरी आली ती लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली कोरी घागर घेऊन. उंबरठा ओलांडायच्या आधीच म्हणाली, "पुना, यंदा लोटननी घागर आठे भरनी नही. माले तठे लई चाल."

आठे म्हणजे इथे घरी, तठे म्हणजे समुद्रावर. लोटन आमचा भाऊ. अक्का थोरली, मग तो, मग मी. तो नौदलात होता आणि एकाहत्तरच्या लढाईत जहाजासकट बुडाला. देह सापडला नाही, त्यामुळे कुठे जाऊन रडायचं हेही आम्हाला कधी कळलं नाही. आखाजीला मात्र त्याच्या नावाची घागर दरवर्षी मी भरत आलो. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आमरस-पुरणपोळीचा घास ठेवायचा, नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. नाव घेतल्याशिवाय पाणी पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात.

बापाची घागर मी एकदाही भरली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको. ती अक्का भरायची, आणि ती भरत असताना मी उठून चक्कीवर जायचो. दोंडाईच्यात माझी पिठाची चक्की आहे. दळून दळून माझे कान गेले आणि स्वभावही गेला, असं घरचे म्हणतात. स्वभाव त्याआधीच गेला होता. त्र्याहत्तर साली वरणगावच्या फॅक्टरीत भरती निघाली. सातवी पास आणि वयाचा पुरावा, एवढंच मागत होते. मी पेटी उघडली, तर माझा शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. बाप, आमचा आबा, खाली मान घालून म्हणाला, "मन्हा हातथून हाराई गया." हरवला म्हणे. शाळेत गेलो, तर जुनी रजिस्टरं पुरात भिजून गेलेली. नोकरी गेली. त्या दिवसापासून एका घरात राहून मी बापाशी अकरा वर्षं बोललो नाही. तो चौऱ्याऐंशीत मेला, तेव्हाही नाही.

आता अक्काचा हट्ट. माझी नात दिपमाला जळगावला नर्स आहे, तिने मोबाईलवर सगळं शोधून काढलं. आपल्या जहाजाचं स्मारक आहे, दगडावर नावं आहेत, बाजूला म्युझियम आहे. तिनेच सुरतपर्यंतची तिकिटं काढली, पुढे गाडी ठरवली. अख्ख्या प्रवासात अक्का घागर मांडीवर घेऊन बसली. चहा घेतला नाही, दशमी तोडली नाही. मला वाटलं, भाऊ आठवत असेल. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर तिने अंग चोरून घेतलं.

ऐन आखाजीच्या सकाळी आम्ही तिथे पोचलो. समुद्राच्या कडेला एक टेकाड, त्यावर काळा दगड आणि दगडासमोर जहाजाचा जुना नांगर. दगडावर नावांच्या ओळीच ओळी होत्या. मी आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. याच्यात आमचा लोटन, असं मनात आलं. उन्हाळ्यात नदीच्या डबक्यात पोहायला शिकलेला पोरगा तो.

अक्का म्हणाली, "त्यानं नाव दखाड. माले हात लावना शे."

अक्काला अक्षरओळख नाही. दिपमालाने दगडावर बोट ठेवलं आणि एकेक नाव वाचत निघाली. शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली. म्हणाली, "आजोबा, लोटन नावच नाहीये इथे."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं." तिचं बोट एका ओळीवर तसंच राहिलं. "आजोबा, इथे तुमचं नाव आहे."

मी हसलो. चष्मा पुसला, वाकलो. पुना कौतिक पाटील. पुढे जिल्हा धुळे. माझं नाव, माझ्या बापाचं नाव. दगडात कोरलेलं, आत सोनेरी रंग भरलेलं, मेलेल्यांच्या रांगेत. मी खरंच आपला हात चाचपून बघितला. बहात्तर वर्षांचा माणूस भर उन्हात स्वतःला चिमटा काढतोय, काय सांगू.

मग माझा पारा चढला. घाबरलो की मी चिडतो, ही माझी जुनी खोड. म्युझियमच्या दारात पांढऱ्या मिशांचा एक माणूस उभा होता, नौदलातून निवृत्त झालेला. मी तिथूनच त्याच्यावर तोफ डागली. "ये क्या लगा रख्या है तुम लोगनी? ये पुना जिंदा है! ये मैं है! शहीद मेरा भाई हुया और नाम मेरा डाल दिया?"

तो शांत होता. म्हणाला, "चाचाजी, यहाँ हर नाम के पीछे कागज है. आइए, देख लेते हैं." चूक असेल तर अर्ज भरून द्या, चौकशी होईल, नाव दगडावरून काढलं जाईल, असंही त्याने सांगितलं.

"लाओ अर्ज!" मी म्हणालो.

अक्काने माझी बाही धरली. "पुना, ऱ्हाऊ दे. घागर भरूत अन् निंघी जाऊत."

"राहू कसं देऊ? चोपन्न वर्षं माझ्या भावाचं नाव कुठेच नाही, आणि राहू दे?"

मी बाही सोडवून आत गेलो. आत गार होतं. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती होती, एक फाटलेलं लाइफ जॅकेट होतं, भटारखान्यातली पितळी पळी होती. लोटन भटारखान्यातच होता. मी पळीकडे बघत उभा राहिलो, तोवर त्या माणसाने भिंतीतला एक लांबट खण ओढला. वर काच होती, काचेखाली एकेका नाविकाचा कागद. तो म्हणाला, "ये रहे पुना पाटील."

फोटो लोटनचा होता.

गणवेशातला, कान टोपीबाहेर आलेले, डाव्या भुवईवर बैलाच्या शिंगाची खूण. हाच तो. मी त्याला चोपन्न वर्षांनी बघत होतो आणि त्याच्याखाली माझं नाव होतं. जन्मतारीख एक जून त्रेपन्न. एक जूनचं काही नाही, आमच्या मास्तरांनी अर्ध्या गावाला एक जूनलाच जन्माला घातलं होतं. पण त्रेपन्न साल माझं. लोटन एकोणपन्नासचा. शिक्षण सातवी पास. लोटन चौथीतूनच कपाशीच्या शेतात लपायला लागला होता, तो सातवी कधी झाला?

फोटोशेजारी एक पिवळा पडलेला कागद होता. शाळा सोडल्याचा दाखला. वर्तणूक चांगली. उजव्या कोपऱ्यात शाईचं बोट उमटलेलं. ते बोट माझं. दाखला हातात घेताना शाई ओली होती, मी घाई केली आणि मास्तरांनी कानाखाली वाजवली होती. तो गाल मला आत्ता पुन्हा झोंबला.

ज्या कागदापायी मी बापाशी अकरा वर्षं बोललो नाही, तो इथे होता. हरवला नव्हता. समुद्रकाठी काचेखाली नीट जपून ठेवलेला होता.

मागे अक्का भिंतीला टेकून खालीच बसली होती. घागर छातीशी धरलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी दिधा व्हता."

"काय?"

"तुना दाखला. मीच दिधा व्हता लोटनले. भरतीले त्यानं वय जास्ती व्हयी गयथं अन् साळा नव्हती. मन्हापुढे रडना तो. म्हने, 'अक्का, येक डाव जाऊ दे माले, कागद परत धाडी दिसू.' मी पेटीमातून काढा अन् त्याले दिधा. तू तवय नशिराबादले मामाकडे व्हता."

ही अक्का. माय शेतात जायची तेव्हा मला कडेवर घेऊन वाढवणारी. माझी नोकरी गेली तेव्हा माझ्याबरोबर रडलेली. आखाजीला पहिली सांजोरी दरवर्षी माझ्या ताटात वाढणारी, स्वतःच्या पोरांच्या आधी. मी समजत होतो, लाड करते.

"आबाला माहीत होतं?" मी विचारलं.

"तार उनी तवय समजनं. तू तवय बी मामाकडेच व्हता. तारमा तुनंच नाव व्हतं, पुना गया आसं. माय तुना नाववर छाती बडवाले लागनी. तू जित्ता शे, हाई माले येकलीलेच माहित. मी आबाना पाय धरात, आबाले अन् मायले बठ्ठं सांगं."

"मग आबाने मला का नाही सांगितलं? अकरा वर्षं, अक्का! अकरा वर्षं मी त्याला…"

"मी सांगनारच व्हतू. आबानी सांगू दिधं नही. म्हनेत, 'तू लेकीबाई शे, तुले माहेर तुटी जाई. पुनाना राग मी खाई लिसू.'" ती खाली बघत म्हणाली, "शेवटना दिवसले मी पानी पाजाले गऊ, ते मन्हा हातनं पिनात नही. दारकडे दखेत अन् इचारेत, 'पुना उना का?'"

पुना आला का, म्हणून तो विचारत होता, तो दिवस मला आठवतो. अक्काने चक्कीवर निरोप धाडला होता, आबा पाणी मागतोय म्हणून. दळण चालू होतं. बाजाराचा दिवस, गिऱ्हाइकांची रांग. मी निरोप्याला म्हणालो, सांग, दळण चालू आहे.

मी त्या काचेला हात टेकून उभा राहिलो. रडलो म्हणावं तर रडूही आलं नाही. छातीवर कुणीतरी दळणाचं पोतं टाकून गेल्यासारखं झालं. दिपमाला माझा हात धरून नाडी बघत होती बहुतेक, सवयीने.

तेवढ्यात मिशाळ माणूस अर्ज घेऊन आला. सोबत पेनही होतं. नाव कोणतं काढायचं, काय चूक, तुमचं नातं काय, असे रकाने. मीच ओरडून मागितला होता, तो बिचारा काय करणार.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "तू लिखं ते तो दगडवरथून जाई, पुना. मंग त्याले मी कोठे धुंडू?"

मला तिचा राग आला होता, तो तिथेच होता. लोटनचा आला होता. परत धाडतो म्हणाला, आणि कागदासकट बुडाला. सगळ्यांत जास्त स्वतःचा आला होता. पण फोटोतला लोटन कान बाहेर काढून हसत होता, बावीस वर्षांचा. माझं नाव त्याला मोठं झालं होतं, की लहान, कुणास ठाऊक. त्याच नावाने तो जेवण रांधत होता, हाका ऐकत होता, त्याच नावाने मेला. आता ते नाव काढून मी काय करू? चक्कीच्या पाटीवर लावू?

मी अर्ज परत दिला. म्हणालो, "गलती मेरी थी. बुढ्ढा आदमी हूँ, घबरा गया. ये मेरा भाई है. नाम बराबर है."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. काय समजायचं ते समजला असावा, पण विचारलं नाही. टेबलावरची भेट देणाऱ्यांची वही उघडून माझ्यापुढे सरकवली. "तो यहाँ लिख दीजिए. नाम, गाँव, और शहीद से रिश्ता."

मी पेन हातात घेऊन लिहिलं. नाव, लोटन कौतिक पाटील. गाव, दोंडाईचा. नातं, भाऊ.

दिपमालाने वाचलं आणि ओठ आवळले. अक्काला वाचता येत नाही, म्हणून दिपमालाने हळूच तिच्या कानात सांगितलं. अक्का तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागली. मिशाळ माणसाने वही वाचली, मिटली आणि मला म्हणाला, "आइए लोटनजी. पानी तक रास्ता इधर से है."

खाली खडकावर आम्ही घागर ठेवली. दिपमालाने पिशवीतून घरच्या पाण्याची बाटली काढली, अक्काने घागर भरली. डांगर ठेवलं, सांजोरी ठेवली. आधी ती दगडाला हात लावून आली होती, माझ्या नावाला, सगळी अक्षरं चाचपून. आता तिने घागर उचलली आणि समुद्राकडे तोंड करून हाक मारली, "लोटन! पानी ले, भाऊ." पाणी लाटेत पडलं.

"अक्का, थांब," मी म्हणालो. "अर्धी राहू दे."

तिने काही न विचारता घागर माझ्या हातात दिली. निम्मं पाणी माझ्याच धोतरावर सांडलं. आबाशी मी शेवटचं काय बोललो होतो तेही मला आठवेना. लाट आली आणि गेली. मी घागर पुढे केली.

"आबा," मी म्हणालो, "पुना उना. पानी पी ल्या."