गळतीचा फोटो

माझ्या स्पोर्ट्स कारचे कंपनीचे शॉकअब्सॉर्बर काढून मी हौसेने बाहेरचे महागडे बसवले. तीन महिन्यांत चारही गळायला लागले आणि गाडी बेडकासारखी उड्या मारू लागली. विकणाऱ्यांशी आठवडाभर भांडलो, तेव्हा कुठे ते म्हणाले, "गळतीचा फोटो पाठवा, बदलून देतो."

रविवारी मेकॅनिकने दारातच चारही चाकं काढली. तेलाचे ओघळ असे झकास दिसत होते की माझा जीव भांड्यात पडला. विकणाऱ्यांचं चॅट उघडलेला मोबाइल ओट्यावर ठेवून मी हात धुवायला आत गेलो.

बाहेर येतो तर आई माझा जुना बनियन घेऊन गाडीजवळ बसलेली आणि शॉकअब्सॉर्बर आरशासारखे लख्ख!

"आई, पुसलेस कशाला?" मी किंचाळलो.

"परक्या माणसांना असलं ओशट दाखवायचं? काय म्हणतील, या घरात कुणाला हात नाहीत? फोटोही मीच पाठवला, छान आलाय."

मेकॅनिक तोंड फिरवून हसत होता. तेवढ्यात उत्तर आलं: 'माल नव्यासारखा आहे. तक्रार बंद केली आहे.'

आईने ते मोठ्याने वाचलं आणि बनियन माझ्या खांद्यावर टाकला.

"बघ, पुसल्यावर मिटलं की नाही? आठवडाभर उगाच घर डोक्यावर घेतलं होतंस."